मोटारीच्या धडकेत भाऊ जखमी झाला: दावा कुणावर, कधीपर्यंत आणि किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ, वय २८, टाइल्स बसवण्याचं काम करतो. तीन महिन्यांपूर्वी तो दुचाकीवरून मुख्य रस्त्याने सरळ जात असताना बाजूच्या रस्त्यावरून आलेल्या मोटारीने त्याला धडक दिली. उजव्या गुडघ्याखालचं हाड थेट सांध्यापर्यंत फुटलं, ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली. मोटारमालकाने पहिल्याच दिवशी ‘पोलिसांत जाऊ नका, खर्च मी बघतो’ म्हणत ४०,००० रुपये दिले. आता तो फोन उचलत नाही, आणि उचललाच तर ‘गाडी मी आधीच विकली होती, फक्त नाव बदलायचं राहिलं’ असं सांगतो. दुचाकीवर तिघे होते, भावाकडे लायसन्स नव्हतं; म्हणून ‘तुम्हाला एक रुपया मिळणार नाही’ असं विमा कंपनीच्या इन्व्हेस्टिगेटरने ऐकवलं. हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं होतं, पण फिर्याद दिलेली नाही. आता काय करायचं?

जखमींच्या बाजूने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे बरीच वर्षं काम करतोय, त्यामुळे आधी उत्तर सांगतो आणि मग कारणं. दावा उभा राहतो. तिघे बसले होते, लायसन्स नव्हतं आणि गाडी विकली होती, या तिन्हींपैकी एकाही मुद्द्यावर तो पडत नाही. पण दोन गोष्टींची मला काळजी वाटते: एक, अजून एफआयआर नाही, दुसरी, मुदतीतले तीन महिने गेले आहेत.

आधी मुदत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६(३) प्रमाणे अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. ही अट १९९४ मध्ये काढून टाकली होती, त्यामुळे ‘अपघाताच्या दाव्याला मुदत नसते’ असं सांगणारे लोक अजून भेटतात. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, आणि ते प्रलंबित असताना केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. ज्यांची मुदत उलटून गेली आहे त्यांनी या आदेशाचा आधार जरूर घ्यावा. पण तुमच्या हातात अजून तीन महिने आहेत. अंतरिम आदेश पुढे टिकेल या भरवशावर थांबण्याचं काही कारण नाही. शिवाय भरपाईवरचं व्याज सहसा अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून धरलं जातं, म्हणजे उशिराचा प्रत्येक महिना तुमच्याच खिशातून जातो.

आता एफआयआर. अपघात ज्या हद्दीत झाला त्या पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या आणि पोच घ्या. बेदरकार वाहन चालवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली येतं, आणि त्यातून गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ लागतं. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. ठाण्यात टाळाटाळ झाली तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवता येते, आणि त्यावरही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. उशीर का झाला ते फिर्यादीतच लिहा, आणि खरं तेच लिहा: भाऊ हॉस्पिटलात होता, मोटारमालकाने खर्चाचा शब्द दिला होता, म्हणून थांबलो. अपघाताच्या दाव्यात केवळ एफआयआरला उशीर झाला म्हणून जखमीवर अविश्वास दाखवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. घरातला माणूस ऑपरेशन टेबलावर असताना लोक पोलीस ठाण्याकडे धावत नाहीत, हे न्यायालयांना कळतं. उशीर लपवण्यासाठी रचलेली गोष्ट मात्र उलटतपासात टिकत नाही.

दिलेले ४०,००० रुपयेही अर्जात नमूद करा. ते भरपाईत वळते होतील, त्यात गैर काही नाही. उलट मालकाने पैसे दिले ही गोष्ट त्याची गाडी अपघातात होती याला पूरक ठरते. मालक आता पुन्हा भेटायला आला आणि स्टॅम्प पेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून मागू लागला तर सही करू नका. भावालाही हे नीट समजावून सांगा, कारण असे कागद बहुतेक वेळा घरचे लोक बाहेर गेलेले असताना पेशंटच्या उशाशी बसून सही करून घेतले जातात.

फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा ही दोन वेगळी कामं आहेत, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. फौजदारी खटल्यात चालकाचा गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणात मात्र अपघात तसा घडला असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं दाखवलं तरी पुरतं. म्हणून चालक फौजदारीतून सुटला तरी दावा आपोआप कोसळत नाही, आणि त्या खटल्याच्या निकालासाठी दावा अडवून ठेवण्याचीही गरज नसते.

चूक कुणाची, हे ठरवताना सगळ्यात जास्त वजन घटनास्थळाच्या पंचनाम्याला असतं. गाड्या कुठे होत्या, काचांचा चुरा कुठे पडला होता, ब्रेकच्या खुणा कुठून कुठवर होत्या, रस्ता किती रुंद होता. तुमच्या बाबतीत पंचनामा तीन महिन्यांनी होणार, त्यामुळे तो कच्चाच राहणार. ती उणीव दुसऱ्या गोष्टींनी भरून काढायची. दुचाकी दुरुस्त केली नसेल तर आता करू नका. आधी सगळ्या बाजूंनी तिचे फोटो काढा आणि आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाकडून तिची तपासणी व्हावी अशी पोलिसांकडे मागणी करा. धडक बाजूने बसली की समोरून, हे वाकलेल्या लोखंडावरून कळतं. गॅरेजवाल्याने दिलेलं एस्टिमेटही जपून ठेवा. दुचाकीच्या नुकसानीची भरपाई याच अर्जात मागता येते. चौकातल्या दुकानांचे सीसीटीव्ही कॅमेरे जुनं चित्रण पुसत पुढे जातात, तरी एकदा विचारून या. एखाद्याने त्या दिवशीची क्लिप मोबाइलवर घेऊन ठेवलेली असू शकते. ती मिळालीच तर कुणाच्या उपकरणातून आणि कशी घेतली याचं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागेल. वकिलांना त्याची आठवण करून द्या.

बाजूच्या रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचं असतं, हे वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांतच आहे. तुमचा भाऊ मुख्य रस्त्याने सरळ जात होता, एवढं साक्षीतून नीट आलं की मूळ निष्काळजीपणा मोटारीच्या बाजूला जातो. दुचाकीवर मागे बसलेले दोघे इथे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहेत. त्यांचे जबाब पोलिसांनी घ्यावेत यासाठी आग्रह धरा.

आता केस पेपरबद्दल, कारण दावे अडकतात ते बहुतेक इथे. हॉस्पिटलात दाखल होताना डॉक्टर पहिल्या पानावर इजा कशी झाली ते लिहितात. तेव्हा पेशंट बेशुद्ध असतो किंवा वेदनेने कण्हत असतो, आणि माहिती आणणारा माणूस सांगतो. आणणारा जर मोटारमालकच असेल तर तो काय सांगणार? ‘गाडी स्लिप होऊन पडला’. डॉक्टर तेवढंच लिहितात, त्यात त्यांचा दोष नाही. पुढे साक्षीच्या वेळी विमा कंपनीचे वकील ती एकच ओळ डॉक्टरांना वाचून दाखवतात आणि दुसऱ्या वाहनाची धडक बसलीच नाही असा बचाव घेतात. म्हणून आजच हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज देऊन केस पेपर, एमएलसीची (पोलिसांना कळवलेल्या केसची) नोंद, ऑपरेशनची टिपणं आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती घ्या आणि ते पहिलं पान वाचा. धडकेची नोंद बरोबर असेल तर हा तुमचा सर्वांत पक्का पुरावा आहे, कारण तेव्हा कुणालाही दावा सुचलेला नसतो. नोंद चुकीची असेल तर ती बदलून द्या असं डॉक्टरांना सांगू नका. नंतरची खाडाखोड चुकीच्या ओळीपेक्षा जास्त नुकसान करते. त्याऐवजी पेशंटला कुणी आणलं, माहिती कुणी दिली, हे फिर्यादीत आणि शपथेवरच्या पुराव्यात स्पष्ट येऊ द्या. १०८ ची रुग्णवाहिका आली असेल तर त्या कॉलची नोंदही मागवता येते.

तिघे बसले होते आणि लायसन्स नव्हतं, या मुद्द्यांकडे येतो. दोन्ही गोष्टी बेकायदा आहेत, त्यासाठी दंड होऊ शकतो. पण नियम मोडणं वेगळं आणि अपघाताला हातभार लावणं वेगळं. दुचाकीवर तिघे होते एवढ्यावरून सहभागी निष्काळजीपणा, म्हणजे अपघातात जखमीचीही काही चूक होती असं, धरता येत नाही. त्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. लायसन्स नसणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे, हे त्याआधी २००८ मध्येच ठरलं आहे. हेल्मेटचंही तसंच: डोक्याला मार असता तर हेल्मेट नसल्याचा मुद्दा काढता आला असता, गुडघ्याच्या फ्रॅक्चरशी त्याचा संबंध नाही. तरीही एक सावधगिरी सांगतो. तिघांमुळे भावाचा तोल गेला, त्याला वेळेत ब्रेक लावता आला नाही, असं काही साक्षीतून निघालं तर न्यायाधिकरण त्याच्यावर काही टक्के दोष टाकू शकतं आणि तेवढी रक्कम कापली जाते. पण कपात होणं आणि दावाच नाकारला जाणं यांत मोठा फरक आहे. ‘एक रुपया मिळणार नाही’ हे त्या इन्व्हेस्टिगेटरचं मत झालं, कायदा तसं म्हणत नाही. जखमी माणसाच्या घरी जाऊन असं बोलून त्याला गप्प बसवणं मला फार लागतं, कारण ऐकणारे बरेच जण खरंच गप्प बसतात.

लायसन्सचा प्रश्न विमा कंपनीसाठी महत्त्वाचा असतो तो तिच्या विमेदाराच्या गाडीवरच्या चालकाचा, तुमच्या भावाचा नव्हे. आणि समजा मोटार चालवणाऱ्याकडेच लायसन्स नव्हतं, तरी २००४ च्या स्वरनसिंग निकालापासून अशा दाव्यांत कंपनीला जखमीला आधी पैसे द्यायला लावतात आणि मग ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. कोर्टात याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात.

गाडी विकल्याची सबब तर अगदीच तकलादू आहे. कायद्याच्या दृष्टीने मालक म्हणजे आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तो. नुसत्या विक्रीच्या कागदावर हात झटकता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्वच्छ सांगितलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर विमाही नव्या मालकाकडे गेला असं मानलं जातं, त्यामुळे थर्ड पार्टीचं, म्हणजे धडक बसलेल्या तिऱ्हाईताचं, संरक्षणही तुटत नाही. अर्जात चालक, नोंदणीकृत मालक, ज्याने गाडी घेतली असं मालक म्हणतो तो माणूस आणि विमा कंपनी, असे सगळे जाबदार (ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते) करा. एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की विमा चालू होता की नाही ते दिसतं. पॉलिसीची प्रत पोलिसांच्या कागदांत येईल. अपघाताच्या दिवशी विमा चालू नसेल तर भरपाई चालक आणि मालकाकडूनच वसूल करावी लागते, आणि ते काम खरोखर जिकिरीचं असतं. म्हणून हे आजच पाहून घ्या.

अर्ज कुठे करायचा, तर अपघात झाला त्या ठिकाणचं, तुम्ही राहता तिथलं किंवा जाबदार राहतो तिथलं न्यायाधिकरण, यांपैकी कुठेही. जिल्हा न्यायालयातच ते असतं. भाऊ कुबड्यांवर आहे, तेव्हा राहत्या जिल्ह्यातच करा.

२०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि तो अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. व्यवस्था चांगली आहे. पण तुमच्याकडे एफआयआरच नाही, तेव्हा तिच्यावर विसंबून राहू नका, स्वतःचा अर्ज कलम १६६ खाली करा.

कंपनी कदाचित झटपट तडजोडीचा प्रस्ताव घेऊन येईल. कलम १६४ खाली कुणाची चूक हे न पाहता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख रुपये मिळतात. अडीच लाख ऐकून कर्जात बुडालेल्या घराला हायसं वाटतं, ते मी समजू शकतो. पण ठरलेल्या पद्धतीने ती रक्कम एकदा स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. तुमच्या भावाच्या दाव्याची किंमत किती होऊ शकते हे पाहिल्याशिवाय त्यावर सही करू नका.

ती किंमत कशी निघते ते जरा सावकाश सांगतो, कारण मोठा दावा छोटा होतो तो इथेच. उपचाराची बिलं, गाडीभाडं, खुराक, अंथरुणावर असताना बुडालेली कमाई, सोबत राहणाऱ्याचा खर्च, पुढचा उपचार, वेदना आणि आयुष्यातून गेलेलं सुख, अशा अनेक सदरांखाली रक्कम मागता येते. पण सगळ्यात मोठा आकडा असतो तो पुढच्या कमाईच्या नुकसानाचा.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यासाठी जी रीत घालून दिली ती आजही पायाभूत आहे. डॉक्टर दाखल्यावर लिहितात ते अपंगत्व पायाचं आहे की संपूर्ण शरीराचं, हे आधी पाहायचं. आणि मग त्या अपंगत्वाचा त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते वेगळं ठरवायचं. निकालातलं उदाहरण डाव्या हाताचं आहे. हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाईची क्षमता जवळजवळ सगळी जाते. तोच सरकारी नोकरीतला कारकून असेल आणि नोकरी टिकली असेल तर कमाईचं नुकसान शून्यही असू शकतं.

आता तुमच्या भावाचं काम डोळ्यांपुढे आणा. टाइल्स बसवणारा दिवसभर उकिडवा किंवा गुडघ्यावर बसलेला असतो. लेव्हल बघायला वाकायचं, उठायचं, पेट्या उचलून मजले चढायचे, पुन्हा बसायचं. गुडघ्याचा सांधा फुटून प्लेट बसली आणि पाय पूर्ण दुमडत नसला, तर ऑफिसातल्या माणसाची थोडी गैरसोय होईल. याचा धंदाच बसेल. दाखल्यावर समजा पूर्ण शरीराचं अपंगत्व १५ टक्के आलं, आणि महिन्याची कमाई १८,००० रुपये सिद्ध झाली. प्रणय सेठी प्रकरणाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या कमाईत भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवतात. ही वाढ जखमींच्या दाव्यातही धरायची, हे २०२० मध्ये ठरलं. म्हणजे महिना २५,२००, वर्षाचे ३,०२,४००. सरला वर्मा प्रकरणाच्या २००९ च्या कोष्टकात २६ ते ३० या वयाला १७ चा गुणक आहे, त्याने गुणलं की ५१,४०,८००. याचे १५ टक्के धरले तर ७,७१,१२० रुपये. पण टाइल्सचं काम आता होणार नाही, दुसरं हलकं काम शोधावं लागेल, म्हणून न्यायाधिकरणाने कमाईच्या क्षमतेचं नुकसान ४० टक्के धरलं तर तोच आकडा २०,५६,३२० होतो. पाय तोच, दाखला तोच. जवळपास तेरा लाखांचा फरक पडला तो फक्त काम नीट समजावून सांगितल्याने. ४० टक्के मिळतीलच असं मी म्हणत नाही, ते पुराव्यावर ठरेल. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी जी वजावट होते ती जखमीच्या दाव्यात होत नाही, हेही वकिलांकडून तपासून घ्या. घाईत केलेल्या हिशेबात ती चुकून शिरते.

म्हणून ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्यांचीच साक्ष मिळवण्याचा प्रयत्न करा. ज्याने पेशंटला एकदाच पाहून दाखला दिला अशा डॉक्टरच्या शब्दाला उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या शब्दाइतकं वजन येत नाही. अपंगत्वाचा दाखला जिल्हा शासकीय रुग्णालयातल्या मंडळाकडून घ्या, पण हाड पूर्ण जुळून फिजिओथेरपी संपल्यावर. आज घाई केली तर ‘अपंगत्व तात्पुरतं’ असा शेरा पडतो. दाखला नंतर आला तरी चालतो, अर्ज त्यासाठी थांबवायचा नाही. आणि सर्जनच्या साक्षीत नुसती टक्केवारी येऊन भागत नाही. गुडघा किती अंशांपर्यंत दुमडतो, उकिडवं बसता येतं का, वजन घेऊन जिना चढता येतो का, प्लेट काढायला पुन्हा ऑपरेशन लागेल का, पुढे सांधा झिजून बदलावा लागण्याची शक्यता किती, हे प्रश्न त्यांना विचारले गेले पाहिजेत. पुढच्या उपचाराचा अंदाजित खर्च त्यांच्याकडून लेखी घ्या, कारण न्यायाधिकरणाचा निवाडा झाल्यावर पुन्हा जाऊन जास्तीचे मागता येत नाहीत.

कमाई सिद्ध करणं हे रोखीत काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात अवघड असतं. आयकर विवरण नाही, पगारपत्रक नाही. काहीच पुरावा दिला नाही तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास अंदाज बांधतं. तशी वेळ आलीच तर दर कुशल कामगाराचा धरावा असा आग्रह धरा. पण त्याआधी जे आहे ते गोळा करा. अपघाताच्या आधीच्या वर्षाचं बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयवर आलेले पैसे, कंत्राटदाराने ‘उद्या दोन माणसं घेऊन ये’ असे पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, साइटवरचे फोटो. ज्यांच्याकडे तो काम करायचा त्यांपैकी एका कंत्राटदाराने येऊन साक्ष दिली तर ती लाखमोलाची ठरते. लोक कोर्टात यायला कचरतात, त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा.

भावाची सेवा आई किंवा बायको करत असेल तरी सोबतीच्या खर्चाची रक्कम मागता येते; घरच्या माणसाचे कष्ट फुकटचे धरायचे नसतात. मेडिक्लेममधून बिलं भागली असतील तर ती रक्कम भरपाईतून कापू नये, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये दिला आहे. विम्याच्या दाव्यासाठी मूळ बिलं दिली असतील तर त्यांच्या शिक्कामोर्तब झालेल्या प्रती मिळवा.

वकील निवडताना एक पाहा. हॉस्पिटलच्या दारात कार्ड वाटणाऱ्या एजंटच्या हातात कागद देऊ नका, आणि ‘मिळेल त्यातले इतके टक्के’ असा करार करू नका. भरपाईत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निषिद्धच आहे. फी लेखी ठरवून घ्या. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्ती, तसंच कमी उत्पन्न असलेल्यांना तिथून मोफत वकील मिळतो.

दावा चालायला वेळ लागतो. मध्ये लोकअदालतीत तडजोडीची संधी येईल. पुरावा नोंदवून झाल्यावर आलेला वाजवी प्रस्ताव घ्यायला हरकत नाही, पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं हे लक्षात ठेवूनच. न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर मात्र ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, आणि रक्कम कमी वाटली तर जखमीलाही ते करता येतं. मिळालेल्या रकमेचा काही भाग न्यायाधिकरण बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावतं, त्याबद्दल नाराज होऊ नका.

तुमच्यासारखे इतरही हे वाचतील, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. धडक देऊन वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर हिट अँड रन योजनेत गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो. आणि मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला योजनेत समाविष्ट असलेल्या हॉस्पिटलात पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत विनारोकड उपचार मिळू शकतात. दाखल करतानाच त्याची विचारणा करा.

तुमच्या भावाच्या मागे बसलेल्या दोघांनाही मार लागला असेल तर त्यांचे अर्ज वेगळे होतात, त्यांनाही हीच सहा महिन्यांची मुदत आहे. ते दुचाकी चालवत नव्हते, त्यामुळे भावावर काही दोष आला तरी तो त्यांच्या भरपाईतून कापला जात नाही. पूर्ण रक्कम ते मोटारीच्या चालक, मालक आणि विमा कंपनीकडून मागू शकतात. फिर्याद द्यायला जाल तेव्हा त्या दोघांनाही त्यांच्या हॉस्पिटलच्या कागदांसह सोबत न्या.